तिच्या पायातल्या चपला

"लिखनारीना नवरा शे ना तू? मंग तिन्या चपला डोकावर ले, नी घर जाय."

पाटील पारावरून बोलला. अख्खा पार हसला. त्याच्या गड्यानं माझ्या बायकोच्या पायातल्या चपला ओढून माझ्यापुढं फेकल्या होत्या. ती भर उन्हात अनवाणी उभी.

आमच्याकडे सुनांनी पारापुढून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या. का, तर वर थोर माणसं बसलेली. थोर म्हणजे काय, तंबाखू थुंकणारी, दुसऱ्याच्या बांधावर डोळा ठेवणारी. त्यांचा मान राहावा म्हणून बाईनं तळपाय भाजून घ्यायचे.

तिनं हेच लिहिलं होतं. माहेर भडगावचं, चार इयत्ता शिकलेली. चुलीपुढं बसून लिहायची, मला वाचून दाखवायची. धुळ्याच्या साप्ताहिकानं छापलं, खाली तिचं नाव. बाईचं नाव! पार पेटला. आणि दुसऱ्या दिवशी ही चपला घालूनच निघाली.

मी वाकलो. पार खूश झाला. चपला उचलल्या आणि तिच्या पायापुढं ठेवल्या.

"घाल व. ऊन शे."

तिनं घातल्या. आम्ही चालत घरी गेलो. मागून शिव्या आल्या. पुढं कैक वर्षं गावानं आमची ओसरी चढली नाही. ती लिहीत राहिली.

आता ती गेली. धुळ्याला, देवपुरात शोकसभा झाली. अध्यक्ष कोण, तर त्याच पाटलाचा मुलगा. वकील झालाय, खादी घालतो. फोटोला हार घातला आणि म्हणाला, "अक्का थोर लेखिका. पण मर्यादा कधी सोडली नाही. पारापुढून अनवाणी, मान खाली घालून जायच्या."

टाळ्या पडल्या. माझी बायको मेली ती घरात. त्यांनी तिला मारली ती तिथं, टाळ्या वाजवून.

मग जवळ आला, गोड आवाजात. "आबा, अक्कांचं पुस्तक काढतोय. तेवढा चपलांचा लेख वगळू. गावाची शोभा जाते. तुम्ही हो म्हणा."

मी म्हणालो, "तुना बाप तोंडवर बोलना व्हता. तू हार घालीसन बोलस."

हार काढून त्याच्या खुर्चीवर टाकला. फोटो काखेत मारला. मोटारीनं नरडाण्याला उतरलो, तिथून घरी पायी.

दाराशी तिच्या चपला होत्या. दान करून टाका म्हणत होते लोक. कशाला? त्या मी सुनेला दिल्या.

पुस्तक निघेल तर तो लेख पहिला. नाहीतर तिची एक ओळ कोणाला मिळणार नाही. आणि रोज सकाळी मी पारावर जाऊन बसतो, त्या थोरांच्या मधोमध. सून पुढून जाते. चपला तिला सैल होतात, फटफट वाजतात. वाजू दे. कोण तोंड उघडतो, ते मला बघायचंय.