इंकोरोनाताची तुरट वाइन

लग्नाला पाच महिने झाले आणि रोक्को जर्मनीला मोटारीच्या कारखान्यात गेला. "दोन वर्षं काढ," म्हणाला. इंकोरोनातानं तेवीस काढली.

दर ऑगस्टमध्ये तो तीन आठवडे दक्षिण इटलीतल्या आपल्या गावी, बारिलेला यायचा. तेव्हा मळ्यातली आल्यानिको जातीची काळी द्राक्षं नुसती रंग धरत असायची. ती पिकणार नोव्हेंबरच्या तोंडावर, वुल्तुरे डोंगरावर धुकं बसल्यावर. तोवर रोक्को केव्हाच गाडीत बसलेला असायचा. स्वतःच्या मळ्याची तोडणी त्यानं लग्नानंतर कधी पाहिलीच नाही. मूलबाळ झालं नाही. सासऱ्यानं तिला छाटणी शिकवली, आणि तोही वारला. मग मळा आणि डोंगरात खोदलेलं वाइनचं तळघर, दोन्ही तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं. दर वर्षीच्या वाइनमधली एक बाटली ती रोक्कोसाठी बाजूला ठेवायची. ही वाइन तरणी असताना जीभ ओरबाडते. वर्षं गेली की मवाळते.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात रोक्को कायमचा परतला. नोव्हेंबरात तोडणीला इंकोरोनातानं डोक्याला ठेवणीतला रुमाल बांधला. दुपारपर्यंत रोक्कोची कंबर धरली.

"तिकडं असली कामं मशीन करतं," तो बांधावर बसत म्हणाला.

"मग लग्नही मशीनशीच करायचं होतंस!"

दोघं हसले. तेवीस वर्षांत एवढं मोकळं हसणं झालं नव्हतं.

संध्याकाळी तिनं सगळ्यात जुनी बाटली फोडली. ताटात वाल आणि तळलेल्या लाल मिरच्या होत्या. रोक्कोनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"घसा आवळला गं. बिअरची सवय झालीय."

त्यानं पेल्यात पाणी ओतलं. तिनं आपला पेला तसाच, पाण्याशिवाय संपवला.

हिवाळाभर दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसले. बोलायला काही सापडेना. तो कारखान्यातल्या मित्रांची नावं घ्यायचा, ती ऐकायची. ती वेलींचं सांगायची, तो मान डोलवायचा. फेब्रुवारीत एकदा तो म्हणाला, "बारमध्ये गेलो की 'जर्मन आला' म्हणतात. तिकडं मी इटालियन होतो. मला इथं कुणी ओळखत नाही, इंकोरोनाता. चल माझ्याबरोबर."

"आणि छाटणी?"

मार्चमध्ये रोक्को एकटाच जर्मनीला परत गेला. तिनं बसपर्यंत पेटी उचलायला हात लावला.

शेजारची वितीना दारात येऊन टेकली. "कोमारे," गावातल्या बायका मैत्रिणीला म्हणतात तसं ती म्हणाली, "तिकडं दुसरी असणार बघ."

"असती तर बरं होतं, कोमारे. निदान कुणासाठी गेला ते तरी कळलं असतं."

नंतर दर रविवारी बारमधल्या फोनवर त्याचा आवाज यायचा. त्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यानं विचारलं, "पाऊस आहे का?"

"भुरभुरतोय."

"द्राक्षं?"

"उद्या तोडते. आणखी थांबले तर सडतील."

फोनवर त्याच्या मागं कुणीतरी परक्या भाषेत हसत होतं.

"थंडी आहे. मोजे घाल," तो म्हणाला.

"घालते."

फोन ठेवून ती घरी आली, पाणी तापवलं आणि टोपल्या धुवायला बसली.