पत्रिकेतली कुसुम

मे १९९३, आमच्या लग्नाचा दहावा वाढदिवस. खिशात तीनशे रुपये, आणि डोंबिवलीहून मनोरंजन उद्यानात गेलेले आम्ही दोघंच, मी आणि सौ. काल कागदपत्रं शोधताना लग्नपत्रिका हाती आली. कोपऱ्यांवरच्या हळदीला अजून पुसट वास आहे. तो आला आणि मी पुन्हा त्या तिकीटखिडकीसमोर उभा राहिलो.

लग्नाच्या वाढदिवशी येणाऱ्या जोडप्याला एक तिकीट फुकट, अशी जाहिरात होती. पुरावा म्हणून मी पत्रिका आणि रेशनकार्ड दोन्ही नेलेलं. खिडकीतल्या माणसाने ताडून पाहिलं.

"साहेब, पत्रिकेत कुसुम, कार्डावर वसुधा. आज यातली कोण आलीय?"

रांगेतले लोक खो खो हसले. माझं डोकंच फिरलं.

"लग्नात बायकोचं नाव बदलतात, एवढंही ठाऊक नाही? ताटातल्या तांदळात मी स्वतः अंगठीने लिहिलंय!"

"अहो, त्याच्यावर कशाला ओरडता?" सौ. म्हणाली. "मला तरी कुठे विचारलं होतंत?"

दहा वर्षांत ती हे प्रथमच बोलली. त्या माणसाचा उद्धटपणा मी आजही माफ केलेला नाही. पण त्याहून जास्त संताप आता माझा मलाच येतो. डाळीचा भाव चार दुकानांत विचारणारा मी, हिचं नाव पुसताना हिला एका शब्दाने विचारलं नाही.

मी "मॅनेजरला बोलवा" म्हणून अडून बसलो होतो. तिने पर्स उघडली, "दोन पूर्ण तिकिटं द्या," म्हणाली आणि खिडकीतल्या माणसाला स्वतःचे दोनशे रुपये दिले.