एक ड्रम मुद्देमाल

कुणाच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की मला अजून ती केस आठवते. मोठी नव्हती हो! खून नाही, दरोडा नाही. पण एवढ्या नोकरीतली एकच केस सांगा म्हणालात, तर मी हीच सांगेन, आणि घाईघाईनं सांगेन, कारण ती सांगताना मला आजही धीर धरवत नाही.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सेनगाव तालुक्यात फौजदार. पाऊस दगा देऊन गेलेला, ऊन रणरणतं. गोरेगावच्या पलीकडच्या एका गावात सगळ्या विहिरी आटल्या, पाणी राहिलं ते एकाच विहिरीत. ती एका बड्या शेतकऱ्याची. सगळे त्यांना बापू म्हणायचे. तहसीलनं ती विहीर गावासाठी ताब्यात घेतली. मोटारीची वीज तोडली, पेटीला लाखेचं सील ठोकलं. आदेश साफ होता: दोर-बादलीनं शेंदायचं, घरटी दोन हंडे, फक्त पिण्यासाठी. शेताला नाही, जनावराला नाही.

एक दिवस सकाळी हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो, तर पोलीस पाटलांना घेऊन बापू स्वतः ठाण्यात हजर!

"साहेब, धनगर आमच्या इहिरीचं पाणी चोरून राहिला. गाव खवळलंय. काही कमी-जास्त झालं तर मला बोलू नका."

जमादाराला गाडीवर मागे बसवलं आणि निघालो. तेव्हाचे रस्ते काय सांगू! पोचेपर्यंत धुळीनं दोघांच्या मिशा पांढऱ्या.

विहिरीला लागूनच बापूंचं रान. तिथं एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं बसवलेली. आमच्याकडे ही रीतच आहे. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात मुक्कामाला बसवतो, बदल्यात धान्य देतो. म्हणजे त्याला बोलावणारे बापूच, आणि तक्रार करणारेही बापूच.

बाया हंडे घेऊन त्याच्याभोवती उभ्या होत्या. एक आजी सगळ्यांत पुढे. तिचं तोंड तर थांबतच नव्हतं. "आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी मेंढराला पाजतो का रे मुडद्या? सांजंपर्यंत शिवाराभायेर निघ!"

म्हातारा काठीला धरून उभा. मी दरडावून विचारलं, "पाणी घेतलंस का?"

"न्हाई साहेब."

"मग मेंढरं काय पितात?"

"नदीत झिरा उकरलाय. रोज तिकडं नेतो. चला, दावतो."

"गाव म्हणतंय, निघून जा."

तेव्हा मात्र त्याचा आवाज फाटला. "मी जाईन हो. पर ह्या आत्ताच व्यालेल्या मेंढ्या हायत. कोकरं चालतीन कशी? वाटंतच मरतीन."

त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीतून एक कोकरू तोंड काढून माझ्याकडे बघत होतं. पण तपास कोकराच्या तोंडाकडे बघून करता येत नाही. मी वाळूतला झिरा बघून आलो. खुरांचे ताजे ठसे होते, पाणी गढूळ. म्हातारा तिथपर्यंत तरी खरं बोलत होता. मग मी आजीकडे वळलो. "विहिरीचं पाणी रोजच असं एकदम खाली जातं का?"

"रोज न्हाई. मागच्या बाजाराच्या दुसऱ्या दिशी गेलं हुतं. अन् आज."

"काल काय होतं?"

"काल बी बाजारच की!"

जमादार पटकन म्हणाला, "साहेब, ही मेंढरं काय बाजाराचा वार बघून पाणी पितेत व्हय?"

बाया हसल्या. म्हातारा हसला नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं! बाजाराच्या दिवशी जीपा भरभरून गाव गोरेगावला जातं, विहिरीवर चिटपाखरू नसतं. तेव्हाच कुणीतरी भरपूर पाणी उचलत होतं.

कोण? विचारून कुणी सांगणार नाही. मग मी एक केलं. घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं आणि म्हणायचं, "बाई, पाणी द्या जरा."

नाही कुणीच म्हणालं नाही. आमच्या भागात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. कुठे अर्धा पेला, कुठे वाटीभर. एकीनं हंडा वाकडा करून तळाचं गाळून दिलं, आणि मी पीत असताना तिचं पोरगं पेल्याकडे बघत होतं.

शेवटी बापूंचा वाडा. सूनबाई आली ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन. ठेवताना पाणी फरशीवर सांडलं, तिनं तिकडे बघितलंही नाही. "अजून आणू का, साहेब?"

जमादारानं माझ्याकडे बघितलं. मी हवा हुंगली. मागच्या अंगणातून हळद शिजवल्याचा वास! आमच्याकडच्या माणसाला तो झोपेतही कळतो.

"बापू, हळद शिजवली वाटतं?"

"ते काय, मागच्या महिन्यात."

उठलो, तडक मागे गेलो. उन्हात पिवळा ढीग पसरलेला. एक हळकुंड उचलून दाबलं, तर मऊ, ओलं! हळद शिजवायच्या मोठ्या काहिलीखालची राख अजून कोमट. बाजूला बैलगाडी, तिच्यावर रिकामे ड्रम, आणि पोत्याखाली झाकलेला एक ड्रम, गच्च भरलेला.

बापू आधी तडकले. "इहीर माझी हाय! माझ्या बापानं सुरुंग लावून खणली. माझ्याच पाण्यासाठी सरकारला इचारू काहून?" मग ओट्यावर बसले. "हळद काढून पडली हुती, साहेब. शिजवली नसती तर कुजली असती."

"पटतंय," मी म्हणालो. "पण मग त्या म्हाताऱ्याचं नाव काहून घेतलं?"



पंच बोलावले, पंचनामा केला. आदेश मोडल्याचा गुन्हा नोंदवला. मुद्देमालाच्या रकान्यात लिहिलं: पाण्याने भरलेला एक ड्रम. जमादार डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, हा मुद्देमाल ठाण्यात नेऊस्तोर निम्मा हिंदकळून जाईल, निम्मा उन्हानं." मग पाणी गावाचंच म्हणून सुपूर्दनामा करून ड्रम पोलीस पाटलांच्या ताब्यात दिला आणि विहिरीवर नेला.

बाया हंडे घेऊन धावल्या. तोच त्या आजीनं ड्रमावर हात ठेवला. सकाळी सगळ्यांत जास्त शिव्या हिनंच दिलेल्या.

"थांबा गं. आधी त्या बाळंतिणींना."

आणि बोट केलं व्यालेल्या मेंढ्यांकडे!

जमादार माझ्या कानात कुजबुजला, "जनावराला मनाई हाय, साहेब." मी टोपी काढली आणि डोकं पुसत रस्त्याकडे बघत राहिलो. मागे घमेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येत होता. म्हातारा घोंगडीनं तोंड पुसत होता. कोकरं चालायला लागेपर्यंत त्याला कुणी हलवलं नाही.

सूनबाईनं भरलेला तांब्या सवयीनं आणला की जाणूनबुजून, ते मी विचारलं नाही. तपासात सगळंच कागदावर घ्यायचं नसतं. पण पुढे प्रत्येक तपासात मी माणूस काय बोलतो त्याआधी त्याचे हात बघायला शिकलो, ते त्या गावानं शिकवलं.

आता घरी नळ आहे. तरी पेल्यात घोटभर पाणी ठेवून मला उठता येत नाही. नातवंडं हसतात. हसू देत. त्या पेल्याकडे बघणारं पोरगं मी बघितलंय, त्यांनी नाही.