कललेली मान

वडील गेले तो सोमवार होता. सकाळी ते अंजूरच्या आमच्या शेतावर गेले. दुपारी शेजारच्या गोदामातल्या माणसांनी त्यांना घरी आणलं.

त्यांचा फोटो एकच होता, ओळखपत्रावरचा. आईने तो भिंतीवर लावू दिला नाही. "ह्यो पोलिसांना घाबरल्यावानी दिसनारा मानूस हाय. तुजा बाबा न्हाय," ती म्हणाली. "तू शालेत पोरांना चित्रं शिकवतेस ना बाय? मग वर्षश्राद्धाच्या आत तूच काढ." मी बसले, पण कागदावर दर वेळी कुणीतरी परका उतरायचा. तीस वर्षं ज्यांच्या पंगतीला जेवले त्यांचा चेहरा मला आठवत नव्हता, आणि हे आईला सांगायची लाज वाटत होती.

शाळेआधी मी गावच्या देवळात ध्यानाला बसू लागले. खरं तर ते ध्यान नव्हतंच; डोळे मिटून मी चेहरा मागत होते. एकदा देऊळ झाडणारी म्हातारी हात थांबवून म्हणाली, "देवासमोर बसून आठ्या कशाला गं बाय? काय मागू नको. येल ते बगत बस." नेहमीच्या बाईंच्या बदली ती दोन दिवस आली होती म्हणे. पुन्हा दिसली नाही.

मागणं सुटायला दोन महिने लागले. श्वास येतो, जातो, तेवढंच पाहत राहिले. मग एका सकाळी बाबा दिसले. पाठमोरे, बांधावरून चाललेले. घरी येऊन मी ती पाठ कागदावर उतरवली. मान मात्र डावीकडे कललेली आली. बाबा तर ताठ चालायचे. चूक समजून दोनदा खोडली. दोन्ही वेळा ती तशीच उतरली.

आई कागद घेऊन खालीच बसली. "ही मान तुला कोनी सांगितली? तू चालाय लागायच्या आधी तुला उजव्या खांद्यावर बसवून शेतावर न्यायचे. तुला जागा व्हावी म्हनून मान अशी. लोक हसायचे, मोडली काय रं म्हनून."

 खांद्यावर बसलेल्या मुलीला ही पाठ कुठून दिसणार? मी उत्तर शोधलं नाही. इतकी वर्षं चित्र मी काढते असं मला वाटत होतं. त्या दिवशी ते माझ्याकडे आलं, आणि मी नुसती बाजूला झाले होते.

आता कागदाला हात लावण्याआधी मी देवळात बसते. चित्र भिंतीवर आहे. आई त्याला रोज फूल वाहते. चेहरा मला अजून आठवत नाही.