पादचाऱ्यांत आई नव्हती

"वाटत नाही ना, मासळीवालीची मुलगी आहे म्हणून?"

सभागृहाबाहेर चहा चालला होता. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक पुण्याहून आलेल्या सल्लागारांना विचारत होते. हळू आवाजात. पण मी त्यांच्या मागेच फायली घेऊन उभी होते. सल्लागारांनी वळून मला पाहिलं, मान डोलावली. हसले.

"नाही हो. किती क्लीन इंग्लिश आहे हिचं."

मी थँक्यू म्हणाले.

कुणी चापट मारली असती तर निदान गाल तरी चोळला असता. मी थँक्यू म्हणाले. शिपाई जागेवर नव्हता म्हणून वर त्यांचे कपही मीच गोळा केले.

मी त्या सल्लागारांकडे कंत्राटावर होते. गावासाठी सायकल आणि पादचारी आराखडा त्यांनी केला होता, इंग्रजीत. तो नगरपरिषदेच्या सभेसाठी मराठीत आणायचं काम माझं. इंग्रजी शाळेत शिकलेली, पण इथलीच, अशी कुणीतरी त्यांना हवी होती. मी मिळाले.

आई बंदरावरून मासळी घेते. लिलाव संपला की पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने सरळ बाजारात. तिच्याबरोबर आणखी दहा-बारा जणी, तिच्या वांगडच्या. भरलेली पाटी एकटीला चढवता येत नाही आणि उतरवताही येत नाही. म्हणून वाटेत पाटीवालीने हाक मारली तर जो कुणी समोर असेल त्याने हात लावायचा. ओळख असो नसो. अशी रीतच आहे.

शाळेत असताना मला त्या हाकेची धास्ती वाटायची. "गो बाय, हात लाव जरा." हात लावला की पाटीतलं पाणी पांढऱ्या युनिफॉर्मवर ओघळायचं. वर्गात शेजारची मुलगी बाक सोडून उठायची. टीचर नाव घ्यायची नाही. फक्त म्हणायची, "समबडी ओपन द विंडो." मग मी मागच्या चढाच्या रस्त्याने शाळेत जायला लागले. आईला सांगितलं, मैत्रिणी तिकडून जातात. मैत्रिणी नव्हत्या.

आराखड्यात किनाऱ्याच्या त्याच रस्त्याची चित्रं होती. गुळगुळीत फरशी. सायकलवर टोप्या घातलेले पर्यटक. बाबागाडी ढकलणारी बाई. कुत्रा फिरवणारा माणूस. चित्रं सुंदर होती. मला आवडली होती. बाबागाडी आमच्या गावात मी कधी पाहिलेली नाही, हे तेव्हा सुचलंच नाही.

मजकुरात एका ठिकाणी "हेड-लोड मूव्हमेंट" असं होतं. मी बराच वेळ त्याला मराठी शोधत बसले. शेवटी लिहिलं: डोक्यावरील मालवाहतूक. किनाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी सहा ते दहा मनाई. पर्यायी मार्ग, मागील चढाचा रस्ता. शब्द चांगला जमला म्हणून मी खूशही झाले. संध्याकाळी घरी गेले तर आई ताट वाढत होती. तिने विचारलं, "त्येच्यात आमचो रस्तो आसा मां?"

"आसा," मी म्हटलं. "सावली पण येतली. झाडां लावतले."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या बंदराला सांगितलं. "माझ्या चेडवान लिवल्यान."

खरंच, मीच लिहिलं होतं.

चहानंतर सभा सुरू झाली. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले. अध्यक्ष म्हणाले की कलमं मला वाचू द्यावीत, लिहिणारीच आहे. मी वाचत गेले. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. ते कलम आलं. मी वाचलं. सहा ते दहा. म्हणजे लिलाव संपतो ती वेळ. गिऱ्हाईक बाजारात असतं तीच वेळ. वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा त्या रस्त्यावर आई दिसली. चढावर. मान ताठ, पायाखाली बघता येत नाही अशी. तिच्या बाजूने टेम्पो पुढे जातायत आणि ती पोचेपर्यंत बाजार उठलाय.

एक वयस्क नगरसेविका होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "पण त्या बायका चालतच जातात ना? मग त्या पादचारी नाहीत?"

सल्लागार समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाही मॅडम. पादचारी वेगळे. त्यांची नोंद आपण मालवाहतुकीत केलीय. पाणी गळतं, फरशी निसरडी होते, सायकलवाला पडला तर जबाबदार कोण?"

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मागे रेलून शेजाऱ्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चढान जाऊ देत की. सायकलवाल्यांका व्यायाम, ह्येंकाव व्यायाम!"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. वाईट मनाने नसेल. पण हसले.

"हिला विचारा ना," सल्लागार माझ्याकडे हात करून म्हणाले. "मराठी हिचंच आहे. आणि ही तर लोकल आहे."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले. भीती वाटली की माझ्या तोंडात इंग्रजी येतं. लहानपणापासून. इंग्रजी बोललं की ह्या गावात माणसं जरा सरकून जागा देतात. तसंच झालं. "सर, आय थिंक" एवढं बोलून मी थांबले.

सल्लागारांनी मान डोलावली. पुढे बोल, अशी. ही मान मी ओळखत होते. मघाशी चहाच्या वेळी हीच होती. मी आणखी चार वाक्यं चांगल्या इंग्रजीत बोलले असते तर त्यांनी ती टिपून घेतली असती, व्हॅलिड पॉइंट म्हणाले असते, आणि पुढचं कलम वाचायला सांगितलं असतं. मी वाचलंही असतं. उद्या कंत्राट राहिलं असतं. आईने बंदरावर आणखी काहीतरी सांगितलं असतं.

"वाचा पुढचं," अध्यक्ष म्हणाले. "वेळ होतोय."

मी लॅपटॉप बंद केला आणि परत खुर्चीत बसले. ह्या इमारतीत मी आजवर घरची भाषा बोलले नव्हते. शिपायाशीसुद्धा नाही.

"अध्यक्षसायब, ह्यां कलम मी लिवलंय. चुकीचा लिवलंय. माझी आवस त्या रस्त्यान चलत जाता, दोन पायांनी. ती टेम्पो नाय. आधी तिका आणि तिच्या वांगडच्या सगळ्यांका पादचाऱ्यांत लिवा, आणि ता माझ्यासमोर इतिवृत्तात घाला. तोपर्यंत मी पुढचा एक अक्षर वाचूचंय नाय, आणि ह्या खुर्चयेवरसून उठूचंय पण नाय."