मोर्चा फाशीसाठी, अध्यक्ष सायमनमास्तर

सायमनमास्तरांच्या मुलाच्या खुन्याला फाशी व्हावी म्हणून आम्ही मोर्चा काढला, आणि त्याचं अध्यक्षपद मी मास्तरांनाच, न विचारता, देऊन टाकलं. बॅनरही छापून घेतलं. मागच्या महिन्यात मास्तर गेल्याचा गावाहून, परतूरहून फोन आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मला ते बॅनरच दिसलं...

मास्तर चर्चमधले धर्मशिक्षक, आमच्याच गल्लीतले. मी बौद्ध, पण वाढलो त्यांच्या ओट्यावर. त्यांच्या थॉमसला कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या विलासनं भांडणात भोसकलं आणि गाव पेटलं. मी बॅनर घेऊन ओट्यावर पोचलो, तेव्हा हवेत जिनिंगचा कापूस तरंगत होता. मास्तरांच्या भुवयांवर बसत होता, आणि ते झटकत नव्हते. दुसऱ्याच कुणा सायमनचं नाव असावं तसं त्यांनी ते सावकाश वाचलं...

"तू बुद्धाचा, आन् फाशी मागून राह्यला? तीबी माझ्या नावानं?"

"मास्तर, त्यानं आपल्या थॉमसला..."

"मला म्हाईत न्हाई का?" मग आवाज खाली आला. "आमच्या लहानपणी शिकवायचे, सरकारला तो हक्क आहे. आता चर्च म्हणतं, न्हाई. खून केला तरी माणूस माणूसच राहतो, त्याची सुधरायची वाट आपण तोडायची न्हाई. जुनी शिकवण आज माझ्या रागाला किती सोयीची झाली असती, बाबा!"

मोर्चाला मात्र ते आले. अध्यक्ष म्हणून माईक घेतला, "फाशी नको" एवढंच म्हणाले आणि उतरले. थॉमसची आई, मार्थाकाकू, महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे विलासला जन्मठेप झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी जपमाळ करताना मास्तर थॉमसपाठोपाठ विलासचं नाव घ्यायचे, आणि काकू तेवढ्यापुरत्या उठून आत भांडी आपटायच्या.

परवा दिवेलागणीला मास्तरांच्या घरी गेलो. डोळे मिटून बसलो... काकूंचं पुटपुटणं, लांबून रेल्वेची शिट्टी, मास्तर खुर्चीत आहेतच असं वाटणं... थॉमसचं नाव आलं. मग मास्तरांचं. मग काकू थांबल्या. उठल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, "आन् विलास."

मला राहवलं नाही. "काकू, माफ केलंत त्याला?"

"बिलकुल न्हाई. पण ते गेले, आता हे नाव घ्यायला घरात दुसरं आहे कोण? तू? तू तर चहाला येतो."