अडतीस कूलर आणि एक मोबाईल नंबर

ती मीटिंग आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. मी बीडला एका कंपनीत कामाला आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध थंड ठेवणारे कूलर विकायचे आणि त्यांची देखभाल करायची, हा आमचा धंदा. कंपनीकडे दोन सॉफ्टवेअर होती. देखभालीचा वार्षिक करार एकात नोंदवायचा आणि मिस्त्रीला दुरुस्तीला पाठवायचं ते दुसऱ्यातून. एकातला करार दुसऱ्यात आपोआप पोचावा म्हणून माहितीची मांडणी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी म्हणालो, करार यंत्राशी जोडा. प्रत्येक कूलरच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो, तो बदलत नाही. आमच्याकडे कूलर टेम्पोत बसून धाकट्या भावाकडे जातो, या गावचा त्या गावाला जातो. करारही त्याच्याबरोबर जायला हवा. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मुख्य ऑफिसातले साहेब हसले. "अहो, करार माणसाशी असतो, लोखंडाशी नाही." त्यांचं ठरलेलंच होतं. मोबाईल नंबर हीच ग्राहकाची ओळख, आणि एका ग्राहकाचा एकच चालू करार. ज्यांनी बीडचं एक खेडं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ते मला गिऱ्हाईक कोण हे शिकवत होते. आणि मी काय केलं? मान डोलावली. सांगितली तशी मांडणी करून दिली.

करार नोंदवताना ग्राहकाच्या मोबाईलवर ओटीपी यायचा. केंद्र चालवणारी बाई इथे, आणि घरातला एकुलता एक फोन ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या नवऱ्याच्या खिशात. आमचे वडवणीचे मिस्त्री वीस वर्षं कूलर दुरुस्त करत आलेले, सरळ माणूस. अशाच एका केंद्रावरून त्यांचा फोन आला. "सायेब, ओटीपी कुठून आणू?" मला महिनाअखेरीच्या आत सगळे करार चढवायचे होते. मी म्हणालो, "मिस्त्री, सध्या तुमचाच नंबर टाका. नंतर बदलू." त्यांनी तो अडतीस ठिकाणी टाकला. नंतर कोण बदलतो!

दोन्ही सॉफ्टवेअर जोडली त्या दिवशी अडतीस केंद्रांचा मिळून एकच ग्राहक झाला, तो म्हणजे आमचे मिस्त्री. सगळ्यात शेवटी नोंदवलेला करार तेवढा चालू राहिला, बाकीचे सदतीस संपलेले दिसायला लागले. आठवड्याच्या आतच गेवराईकडच्या एका बाईचा कूलर बंद पडला. तिने तक्रार नोंदवली, तर करार संपलाय, मिस्त्री मिळणार नाही, असं उत्तर आलं. सकाळचं दूध टाकीत आणि बाई रडकुंडीला आलेली. तिने मिस्त्रींना फोन लावला. कामाचा आदेश नसताना ते मोटारसायकलवर गेले, पिशवीतला कंपनीचा नवा पंखा बसवला आणि दूध वाचवलं.

पुण्याला त्यातलं दूध दिसलं नाही. आदेश नसताना पंखा गेला आणि अडतीस करारांवर ह्यांचा नंबर, एवढंच दिसलं. माणूस चोरून स्वतःचा धंदा करतो, असा निकाल लागला. कॉलवर कुणीतरी विचारलंही, "नंबर टाकायला त्यांना कोणी सांगितलं होतं का?" माझा माईक बंद होता. मी तो बंदच ठेवला. त्या संध्याकाळी मिस्त्रींना कामावरून काढलं.

मग यंत्राच्या नंबरावर सगळी मांडणी बदलायला मला किती वेळ लागला? एक दुपार. "छान सुचवलंत," असं म्हणून पुण्याच्या साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा लॅपटॉप उचलून भिंतीवर आपटावा असं वाटलं. आपटला नाही. मी काहीच आपटत नाही, घरी येऊन बायकोवर खेकसतो.

दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, वडवणीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बाज टाकली, वहिनींनी चहा दिला. मिस्त्रींनी सरळच विचारलं.

"नंबर तुमीच टाकायला लावला, हे वर सांगितलं का?"

"नाही," मी म्हणालो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात त्यांच्या फोनवर मेसेज वाजला. 'प्रिय ग्राहक, आपली तक्रार मिळाली आहे.' मांडणी बदलली होती, पण त्या केंद्रांचा संपर्काचा नंबर मिस्त्रींचाच राहिला होता.

"लई येत्यात असले," ते म्हणाले. "मग मीच त्या बायांला फोन करून सांगतो, मिस्त्री येतोय म्हणून. त्यांला कसं कळावं?"

मी तिथेच बाजेवर बसून फोनवरून पुण्याला मेल लिहिला. नंबर माझ्या सांगण्यावरून टाकले, चूक माझी आहे. त्यांना कामावर परत घ्या. पाठवला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, एकेका शब्दावर थांबत वाचलं, पुन्हा वाचलं.

"एवढंच हाय की," ते म्हणाले. "दोन ओळी. ह्याला दोन महिने कावून लागले, सायेब?"